फ्रेंच प्रश्नातला चिमुकला 'त'

'तू येतोस का?' एवढंच विचारायचं असतं. पण फ्रेंच शिकायला बसलं, की पहिल्याच महिन्यात त्याची तीन रूपं समोर येतात: 'त्यु व्हियँ?', 'एस्क त्यु व्हियँ?' आणि 'व्हियँ-त्यु?'. अर्थ तिन्हींचा एकच.

पहिल्या रूपात वाक्य आहे तसंच राहतं, फक्त शेवटी आवाज चढतो. घरात, मित्रांमध्ये सर्रास हेच चालतं. दुसऱ्यात वाक्याच्या पुढे 'एस्क' लावायचं, हिंदीत 'क्या तुम आओगे?' म्हणतात तसं. हे 'एस्क' खरं तर अख्खं वाक्य आहे. 'ए' म्हणजे आहे, 'स' म्हणजे हे, 'क' म्हणजे की. 'असं आहे का, की तू येतोस?' हे बोलून बोलून झिजलं आणि प्रश्नाची नुसती खूण होऊन बसलं. नवशिक्याने आधी हेच पक्कं करावं असं मला वाटतं, कारण पुढच्या वाक्याला हात लावावा लागत नाही आणि ते कुठेही उद्धट वाटत नाही.

तिसऱ्या रूपात क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. हे जुनं आणि औपचारिक वळण. रोजच्या बोलण्यात कमी, लिखाणात जास्त. सगळ्यात सुरस गोष्ट मात्र इथेच दडलेली आहे.

'इल पार्ल' म्हणजे तो बोलतो. उलटं केलं तर 'पार्ल-इल' व्हायला हवं. प्रत्यक्षात होतं 'पार्ल-तिल'. हा 'त' कुठला? दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून, असं वर्गात सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. लॅटिनमध्ये 'तो', 'ती'च्या क्रियापदाला शेवटी 'त्' असायचा. 'तो प्रेम करतो' म्हणजे 'आमात्'. फ्रेंचमध्ये 'पार्ल'सारख्या क्रियापदांचा 'त्' गळून गेला. 'येणे', 'झोपणे' यांसारख्या काही क्रियापदांत तो लिहिण्यात टिकला. एरवी मुका, पण पुढे 'इल' आला की बोलू लागतो: 'व्हियँ-तिल?', 'दॉर-तिल?'. कानाला त्याची सवय झाली आणि ज्या क्रियापदांत 'त्' उरलाच नव्हता, तिथेही लोक तो लावू लागले. म्हणजे लॅटिनचा 'त्' परत आला नाही, शेजारच्या क्रियापदांकडून उसना घेतला गेला.

पुढे आणखी नवल घडलं. बोलताना 'इल'मधला 'ल' गळतो, म्हणून 'तिल'चा 'ति' झाला. हा 'ति' म्हणजेच प्रश्न, असा लोकांनी अर्थ लावला आणि 'मी', 'तू' कोणताही कर्ता असो, क्रियापदामागे 'ति' चिकटवायला सुरुवात केली. 1877 मध्ये गास्ताँ पारीस या भाषापंडिताने या 'ति'वर स्वतंत्र टिपण लिहिलं. पॅरिसच्या प्रमाणभाषेने त्याला दारात उभं केलं नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मात्र तो 'त्यु' होऊन आजही रोजच्या तोंडी आहे.

मराठी माणसाला इथे एक जमेची बाजू आहे. आपण 'तू कुठे जातोस?' म्हणतो, 'कुठे' ओढून वाक्याच्या सुरुवातीला आणत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातलं फ्रेंच तो शब्द आधी घेतं: 'ऊ व्हा-त्यु?'. बोलीतलं फ्रेंच मात्र त्याला हलवत नाही: 'त्यु व्हा ऊ?'. वेळ विचारतानाही पुस्तकात 'केल अर ए-तिल?' आणि रस्त्यावर 'इल ए केल अर?'.

क्युबेकच्या वाक्यात तर आपलं घरच दिसतं. तिथे खिडकीबाहेर बघत कुणी विचारतं, 'इल प्लो-त्यु?'. फ्रेंच शिकलेला माणूस आधी गोंधळतो, कारण हा 'त्यु' लिहायला आणि ऐकायला 'तू' अर्थाच्या फ्रेंच 'त्यु'सारखाच. पाऊस पडतो आणि मध्येच 'तू' कुठून आला? पण तो 'तू' नाहीच. 'इल प्लो' म्हणजे पाऊस पडतोय, आणि मागचा 'त्यु' म्हणजे आपला 'का'. पाऊस पडतोय का?