सायनसच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

सायनसचं ऑपरेशन ठरलं, की पुण्यातल्या घराघरांत पहिली चौकशी होते ती दुखण्याची. त्यातून २०२१ मध्ये कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, ससूनमध्ये आणि शहरातल्या इतर रुग्णालयांत नाकाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हाची धास्ती अजून गेलेली नाही. नेहमीच्या सायनसची शस्त्रक्रिया मात्र तशी नसते. नाकपुडीतून दुर्बीण घालून अडलेल्या वाटा मोकळ्या करतात, चेहऱ्यावर बहुधा छेद घ्यावाच लागत नाही. तरीही पहिला दिवस जड जातो. डोकं ठणकतं, नाकात पॅक असेल तर श्वास तोंडाने घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो.

हा दिवस सुसह्य करण्याची सोय आहे, ती म्हणजे नर्व्ह ब्लॉक, नस बधिर करणारं इंजेक्शन, आणि रुग्णांना तिच्याबद्दल पुरेसं सांगितलं जात नाही, असं मला मनापासून वाटतं.

पूर्ण भूल दिल्यावर आपल्याला काही कळत नाही, पण चेहऱ्याच्या नसांचं काम चालूच असतं. हत्यार लागलं की ट्रायजेमिनल नसेतून संदेश मेंदूच्या खोडापर्यंत जातच राहतात. नर्व्ह ब्लॉक हे संदेश वाटेतच अडवतो. बुपिव्हॅकेनसारखं औषध नसेच्या तंतूंवरच्या सोडियमच्या वाटा बंद करतं, आणि सोडियम आत शिरला नाही तर विजेची लहर पुढे सरकत नाही. दाढ काढताना दंतवैद्य देतात ते इंजेक्शन याच जातीचं.

सायनससाठी औषध सोडतात ते स्फिनोपॅलाटाइन गँग्लियनच्या आसपास. वरच्या जबड्यातल्या सायनसच्या मागे, हाडांच्या बेचक्यात दडलेला हा नसांचा गुच्छ जेमतेम पाच मिलिमीटरचा. त्याला बधिर करण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या ग्रीनफिल्ड स्लडर यांनी १९०८ मध्येच केला होता, तोही कोकेन वापरून. नवल असं, की वेदनेचे तंतू या गुच्छातून नुसते पार होतात. तिथे थांबून पुढे जातात ते नाकाला पाणी सुटण्याचे, डोळ्यांत पाणी येण्याचे, रक्तवाहिन्या रुंदावण्याचे आदेश. म्हणजे एका जागी औषध सोडलं की दोन्ही वाहतुकी मंदावतात.

वाटा दोन. दुर्बिणीतून बघत नाकाच्या मागच्या भिंतीत औषध सोडायचं, किंवा टाळूला, शेवटच्या दाढांजवळ असलेल्या छिद्रातून सुई घालायची. दुसऱ्या वाटेत सुई फार खोल गेली तर औषध डोळ्याच्या खोबणीकडे पोचू शकतं आणि काही वेळ एकाची दोन दिसतात. म्हणूनच मापाला महत्त्व आहे. सुईची खोली आणि औषधाचं प्रमाण दोन्ही आधी ठरवलेलं असतं, कारण बुपिव्हॅकेन रक्तात जास्त गेलं तर हृदयाला धोका होतो.

यामुळे दुखणं अजिबात उरत नाही, असं मात्र नाही. नाकाच्या पुढच्या वरच्या भागाची आणि कपाळाची संवेदना ट्रायजेमिनलच्या पहिल्या फांदीकडे असते, तिथे हा ब्लॉक पोचत नाही. अभ्यासांमध्ये पहिल्या काही तासांतलं दुखणं आणि जादा पेनकिलरची गरज कमी झालेली दिसते, पण पुढच्या दिवसांत फरक फारसा राहत नाही. तरीही ते पहिले तासच मोलाचे. मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागली की मळमळ कमी होते, आणि नाकातून घशात रक्त उतरत असताना उलटी नको असते. नाकात पॉलिप (मऊ गाठी) आणि जोडीला दमा असलेल्या काही रुग्णांना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन सोसत नाही, दम्याचा झटका येतो. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल आणि ब्लॉक ही जोडी खरोखर उपयोगाची.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात, तेव्हा ब्लॉकबद्दल जरूर विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दमा असेल, पूर्वी दंतवैद्याच्या इंजेक्शनने त्रास झाला असेल तर आठवणीने सांगा. आणि शुद्धीवर आल्यावर टाळू, वरच्या हिरड्या बधिर वाटल्या तर घाबरू नका, औषध उतरलं की जाणीव परत येते. तोवर गरम चहा मात्र घेऊ नका, तोंड भाजलेलं कळणार नाही.