ठाणे-नवी मुंबईतलं उंची इटालियन जेवण, वाइन आणि पाचशे मीटर: पार्श्वभूमी

इटलीच्या एकेका प्रांताचं जेवण आणि त्याच्या जोडीला साजेशी वाइन, असं उंची रेस्टॉरंट ठाण्यात किंवा नवी मुंबईत काढायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: इथे तसं गिऱ्हाईक नाही. हा आक्षेप जुना आहे आणि पूर्वीही तो अर्धाच खरा होता. एका जेवणावर सढळ हाताने खर्च करणारी कुटुंबं घोडबंदर रस्त्यावर आणि पाम बीचच्या कडेला केव्हाच राहायला आली होती. जेवायला मात्र ती वांद्रे किंवा लोअर परळ गाठत. घोडं अडत होतं ते परवान्यापाशी. अन्न शिजवायची परवानगी मिळवणं त्या मानाने सोपं असतं. वाइन कुठल्या रस्त्यापासून किती मीटरवर ओतता येईल, हे मालकाच्या हातात नसतं.

ठाण्याचा इटलीशी संबंध तसा फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या एका प्रवाशाने ‘ताना’च्या राज्याचं वर्णन करून ठेवलं. १३२१ मध्ये चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. त्यांपैकी तिघे इटलीतले, तोलेंतिनो, पादुआ आणि सिएना अशा तीन वेगळ्या मुलखांतले होते. त्यांच्या अस्थी न्यायला आलेल्या, फ्रिउली भागातल्या आणखी एका साधूने इथल्या झाडांपासून मिळणाऱ्या, चांगल्याच चढणाऱ्या दारूची नोंद केली. ती ताडी-माडीच असणार. पोर्तुगीज अंमल १७३७ मध्ये संपला आणि मागे पाव राहिला. एवढ्यावरून आजच्या जेवणाची परंपरा थेट तिथवर नेणं ओढूनताणून होईल.

खुद्द इटलीतही प्रांतांची ही काटेकोर विभागणी कागदावर आली ती बऱ्याच उशिरा. देश एक झाला १८६१ मध्ये. कोणत्या भागातल्या कोणत्या द्राक्षांच्या वाइनला कोणतं नाव लावायचं, याचा राष्ट्रीय कायदा १९६३ चा. त्यातल्या सर्वांत वरच्या दर्जाचा शिक्का पहिल्यांदा बसला १९८० मध्ये, बरोलोसारख्या मोजक्या वाइनना. बोलोन्याच्या मांसाच्या सॉसची, म्हणजे रागूची, पाककृती अधिकृतपणे नोंदवली गेली १९८२ मध्ये. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाचा अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत समावेश झाला. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीचीही नोंद झाली.

ठाण्यात हे जेवण पोचलं ते प्रांत गाळूनच. आधी सँडविचच्या गाडीवरचा, किसलेल्या चीजचा पिझ्झा, मग नव्वदच्या दशकात देशभर पसरत गेलेली साखळी दुकानं, आणि त्यानंतर मल्टीक्युझिन हॉटेलांच्या मेन्यूत लाल, पांढरा आणि गुलाबी अशा तीन सॉसमधला पास्ता. त्यात वाईट काही नव्हतं. दोन पिढ्यांना पास्ता आपला वाटायला लागला तो त्या गुलाबी सॉसमुळेच.

प्रांतवार जेवण मांडायला घेतलं की पहिली अडचण येते ती शाकाहाराची, आणि ती भाज्यांमुळे येत नाही. लिगुरियात हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता करतात. ती आपल्या बेसनाच्या धिरड्याची ओव्हनमधली बहीण शोभेल. सिसिलीत त्याच पिठाच्या पानेल्ले तळतात, वांग्याची आंबटगोड कापोनाता करतात. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या शाकाहारी कुटुंबाला यातलं काहीच परकं नाही. अडतं ते चीजवर. रोमचा काचो ए पेपे घ्या: पास्ता, पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकळल्याचं पाणी, बस. कांदा नाही, लसूण नाही. जैन गिऱ्हाइकाला चालावा असा पदार्थ. पण पारंपरिक पेकोरिनोचं दूध विरजतात कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, आणि पार्मिजानोचं वासराच्या. इटलीतले नियमच तसे आहेत. म्हणजे अस्सल चीज वापरलं तर ताट शाकाहारी राहत नाही, आणि वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीज वापरलं तर त्याला पेकोरिनो रोमानो म्हणता येत नाही. ज्यांनी मेन्यूवर रेनेटचा प्रकार स्वच्छ लिहायला सुरुवात केली, त्यांनी ठाण्यातलं गिऱ्हाईक नीट ओळखलं असं म्हणायला हवं. मोझारेल्लाचा प्रश्न त्या मानाने सोपा, कारण म्हशीचं दूध आपल्याकडे मुबलक आहे.

वाइनच्या बाबतीत महाराष्ट्र तसा भाग्यवान. ऐंशीच्या दशकात नारायणगावला फेसाळत्या वाइनचा प्रयोग झाला, शतक पालटताना नाशिक पुढे आलं, आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून उत्पादन शुल्कात सवलत दिली. पुढे सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या बाजूला, इटालियन भागीदारांबरोबर एक वायनरी उभी राहिली आणि तिथे सांगिओवेसे लावलं गेलं. इटलीतल्या तोस्काना प्रांताचं हे मुख्य द्राक्ष माळशिरस तालुक्यात पिकतं, याचं महत्त्व अजून पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. आयात वाइनवर कैक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. अशा वेळी तोस्कानाच्या ताटाबरोबर त्याच द्राक्षाची, पण परवडणारी बाटली देता येणं ही मोठी सोय होती.

हे सगळं जुळत आलं असतानाच पाचशे मीटरचा आदेश आला.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीचे परवाने देऊ नयेत, असा आदेश दिला. चालू परवान्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत होती. हेतूबद्दल वाद घालायला जागाच नव्हती. पिऊन गाडी चालवल्याने माणसं मरत होती. सुरुवातीला अनेकांचा समज असा की हा आदेश बाटल्या विकणाऱ्या दुकानांपुरता आहे, टेबलावर जेवणासोबत पेला देणाऱ्यांना तो लागू नाही. मुदत संपण्याच्या दिवशीच न्यायालयाने स्पष्ट केलं की बार आणि रेस्टॉरंटही त्यात आली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आणलं गेलं, पण ठाणे-नवी मुंबईला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

या दोन शहरांचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की आघात कळतो. ठाणं पूर्व द्रुतगती मार्गाच्या आणि घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढलेलं. तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा: नवे मॉल आणि नव्या वसाहती याच रांगेत. नवी मुंबईत शीव-पनवेल महामार्ग वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरवरून जातो; वाशी स्टेशनसमोरचे मॉल तर त्याला खेटूनच आहेत. मुंबई-पुण्याच्या मधल्या एखाद्या सुनसान ढाब्याला जो नियम लागू, तोच तिसऱ्या मजल्यावर चार कोर्सचं जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला. त्यातून मोजायचं कसं, हा घोळ वेगळाच. सरळ रेषेत की गाडीने जायच्या वाटेने? केरळात एका बारने दारापुढे चक्रव्यूहासारखी वाट बांधून अंतर वाढवलं. महाराष्ट्रात काही ठिकाणी शहरातले महामार्ग, त्यांचा महामार्गाचा दर्जा जावा म्हणून, पालिकांकडे वर्ग करायच्या हालचाली झाल्या. त्यावर टीका झाली की परवाने वाचवण्यासाठी खड्ड्यांचा खर्च पालिकांच्या गळ्यात मारला जातोय, आणि ही टीका चुकीची नव्हती.

११ जुलै २०१७ रोजी, चंदीगडच्या प्रकरणात, न्यायालयाने सांगितलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारक जागांना हा आदेश आडवा येत नाही. रोख शहरांना जोडणाऱ्या महामार्गांवर होता. मग पालिका हद्दीतला धंदा सावरायला लागला. मधले महिने मात्र भरून आले नाहीत. साध्या परमिट रूमला थाळी आणि पार्सलवर तग धरता येतो. आयात चीज, आयात तेल, शिकवलेले वेटर आणि मॉलचं भाडं यांचा मेळ वाइनच्या नफ्यावर घालणाऱ्या जागेला तसं करता येत नाही. रस्त्यावरचे मद्यपी चालक पकडायला नाकाबंदी आणि श्वासतपासणी हाच रास्त मार्ग होता. अंतराच्या नियमाने जेवणासोबत एक पेला घेणाऱ्याला आणि ठेक्यावर उभ्याने बाटली रिचवणाऱ्याला एकाच मापात बसवलं. दुसरी बाजू अशी की रहिवाशांचा विरोध खोटा नव्हता. खारघरमध्ये दारूमुक्तीची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यात महिला पुढे आहेत.

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. करोनाच्या टाळेबंदीनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये रेस्टॉरंट निम्म्या क्षमतेने उघडली; घरून काम करणारं गिऱ्हाईक दादरपलीकडे जायला नाखूश झालं आणि चांगलं जेवण घराजवळ मागायला लागलं. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली, प्रचंड विरोध झाला आणि निर्णय मागे पडला. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना शुल्कही वाढलं आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. शेजारच्या सामान्य बारवर जो बोजा पडतो तोच वाइनकेंद्री रेस्टॉरंटवरही पडतो. वेगळी वर्गवारी करावी ही मागणी रास्त आहे.

आता नजर पनवेलच्या बाजूला आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, नव्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडायला लागली, आणि उलव्यात मोठ्या जागा शोधल्या जाऊ लागल्या. उलवे शहरासारखं दिसतं, पण ते कोणत्याही महापालिकेत नाही. म्हणजे जुलै २०१७ चं संरक्षण तिथे आपोआप मिळत नाही. पालिकेबाहेरच्या अशा भागांना शहरासारखं धरायचं की नाही, हे ठरवायची मुभा न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्यांना दिली. त्यामुळे तिथे गाळा घेण्याआधी महामार्गाच्या कडेपासून अंतर मोजून घेणं अजूनही भाग आहे.