अध्यक्षीय वादचर्चा, दूरचित्रवाणीवरील (अमेरिका)

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार कॅमेऱ्यापुढे समोरासमोर येऊन ठरावीक वेळात प्रश्नांना व परस्परांना उत्तरे देतात, तो प्रचारकालीन कार्यक्रम. प्रमुख पक्षांच्या अधिकृत उमेदवारांतील अशी पहिली चर्चा जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांच्यात २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत झाली.

या प्रथेचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. लिंकन–डग्लस यांच्या १८५८ मधील सात वादसभांकडे बोट दाखवले जाते; पण त्या सिनेटच्या जागेसाठी होत्या. ड्यूई–स्टॅसन (१९४८, रेडिओ) आणि स्टीव्हन्सन–केफॉव्हर (१९५६, दूरचित्रवाणी) या चर्चा पक्षांतर्गत उमेदवारीच्या होत्या. त्यांतील दुसरी आजच्या स्वरूपाला अधिक जवळची दिसते.

मुख्य अडसर कायद्याचा होता. १९३४ च्या दळणवळण कायद्यातील कलम ३१५ नुसार एका उमेदवाराला प्रक्षेपणवेळ दिली, की त्याच पदाच्या सर्व उमेदवारांना, अगदी लहान पक्षांच्याही, समान संधी द्यावी लागे. काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १९६० पुरती ही अट स्थगित केली. १९६४ ते १९७२ या काळात चर्चा झाल्या नाहीत. आघाडीवरचे उमेदवारही उत्सुक नव्हते. बाहेरच्या संस्थेने भरवलेली चर्चा ही वृत्तघटना होय व तिला समान संधीची अट लागू नाही, असा अर्थ १९७५ मध्ये लावला गेला आणि १९७६ पासून प्रथा पुन्हा सुरू झाली.

१९६० ची पहिली चर्चा सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिली, असा अंदाज आहे. गुडघ्याच्या जंतुसंसर्गामुळे निक्सन रुग्णालयात राहून आले होते व वजन घटले होते. त्यांचा फिकट राखाडी सूट कृष्णधवल पडद्यावर मागच्या राखाडी भिंतीत मिसळून गेला. दाढीची खुंटे झाकायला लावलेल्या पावडरीवर घाम दिसला. केनेडींचा गडद सूट उठून दिसला.

‘रेडिओ श्रोत्यांना निक्सन सरस वाटले, प्रेक्षकांना केनेडी’ हे विधान सर्रास उद्धृत होते. त्याचा मुख्य आधार सिंडलिंगर या सर्वेक्षण कंपनीची पाहणी आहे. तीत रेडिओ ऐकणारे २८२ च होते. शिवाय १९६० मध्ये रेडिओवर विसंबणारा वर्ग अधिक ग्रामीण व प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिक केनेडींना आधीच कमी अनुकूल असणे संभवते. व्हॅन्सिल व पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये घेतलेले हे आक्षेप ग्राह्य वाटतात. प्रतिमेचा परिणामच नसतो, असे मात्र त्यांवरून ठरत नाही. ड्रकमन या अभ्यासकांच्या २००३ च्या प्रयोगात पाहणारे व ऐकणारे यांच्या मतांत फरक आढळला.

१९८८ पासून आयोजन स्वतंत्र आयोगाकडे होते. २००० पासून सहभागासाठी जनमत चाचण्यांत १५ टक्के पाठिंब्याची अट आली. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी आयोगाला वगळून थेट वाहिन्यांशी बोलणी केली. २७ जूनच्या अटलांटातील बायडेन–ट्रम्प चर्चेत प्रेक्षक नव्हते आणि पाळी नसलेल्याचा माइक बंद ठेवला जाई. तिच्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षातून दबाव वाढत गेला व २१ जुलै रोजी त्या पक्षाचे जो बायडेन यांनी उमेदवारीतून माघार घेतली.