कार्ल मॅकह्यू: डोनेगल ते फातोर्डा, आणि त्यामागचं आयरिश फुटबॉल

आयरिश मिडफिल्डर म्हटलं की पहिलं नाव रॉय कीनचंच निघतं, जरा जुन्या पिढीतले असतील तर लियम ब्रेडी किंवा जॉनी जाइल्स. बरोबरच आहे ते, तिघंही प्रचंड मोठे प्लेयर. पण आयर्लंडमधून बाहेर पडणाऱ्या सर्वसाधारण प्रोफेशनलचं आयुष्य कसं असतं हे समजून घ्यायचं असेल तर मी कार्ल मॅकह्यूचं नाव घेईन. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, बघणाऱ्यांना तो नीट माहितीये, आधी कोलकात्याचं एटीके, मग एटीके मोहन बागान, मग आपल्या एफसी गोवाचा डिफेन्सिव्ह मिड. आयर्लंडच्या सीनियर टीमची एकही कॅप, म्हणजे देशाकडून एकही मॅच, त्याला मिळाली नाही, तीन देशांतल्या क्लबांमधून गेला, आणि त्याच्या करिअरच्या प्रत्येक टप्प्यामागे त्या त्या जागेचा एक इतिहास आहे जो इथे कुणी फारसा सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात डोनेगलपासून. मॅकह्यूचा जन्म ५ फेब्रुवारी १९९३ चा, गाव लेटरमॅकअवार्ड, आयर्लंडच्या वायव्य टोकाला अटलांटिकच्या काठावर. डोनेगल काउंटी रिपब्लिक ऑफ आयर्लंडमध्येच येते, पण तिची जमिनीवरची जवळजवळ सगळी हद्द नॉर्दर्न आयर्लंडला लागून, बाकी देशाशी लेट्रिम काउंटीजवळचा एक छोटासा पट्टाच काय तो जोडलेला. डब्लिन लांब, त्यामुळे पिढ्यानपिढ्या इथली माणसं पोटापाण्यासाठी ग्लासगोला गेली, बटाटे काढायला, बोगदे खणायला, बांधकामावर. आणि या भागात फुटबॉल हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोक्यात आधी गेलिक फुटबॉल येतो, ज्यात बॉल हातातही घेता येतो आणि एका टीमचे पंधरा जण असतात.

हे गेलिक प्रकरण समजल्याशिवाय आयरिश सॉकर, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो ते, समजत नाही. गेलिक खेळांची संघटना, गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, १८८४ ची. हिचा एक नियम होता की संघटनेच्या सदस्याने 'परदेशी' खेळ खेळायचे नाहीत, बघायलासुद्धा जायचं नाही, आणि परदेशी म्हणजे सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी. किती कडक होतं तर १९३८ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय सॉकर मॅचला हजर राहिले म्हणून त्यांना संघटनेच्या आश्रयदाते पदावरून काढून टाकलं. राष्ट्राध्यक्षांना! ही बंदी उठली थेट १९७१ मध्ये. म्हणजे गावोगावची चांगली ग्राउंड्स, शाळांचे मास्तर, पॅरिशचा, म्हणजे गावच्या चर्चचा पाठिंबा हे सगळं गेलिककडे आणि सॉकर म्हणजे डब्लिनसारखी शहरं, बंदरांची गावं आणि इंग्रजांच्या छावण्या होत्या ती ठिकाणं. मॅकह्यू १९ वर्षांचा असताना, सप्टेंबर २०१२ मध्ये, जिम मॅकगिनेसच्या हाताखाली डोनेगलने मेयो काउंटीला हरवून गेलिक फुटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा, ऑल आयर्लंड, जिंकली, १९९२ नंतर पहिल्यांदा. अख्खी काउंटी रस्त्यावर होती, आणि त्यातल्या एकाही खेळाडूला खेळायचा पगार मिळत नव्हता, कारण गेलिक आजही हौशी खेळ आहे.

मग ज्याला फुटबॉलवर पोट भरायचंय त्याने करायचं काय? लीग ऑफ आयर्लंडमध्ये पैसा कमी, डोनेगलचा त्या लीगमधला क्लब म्हणजे बॅलीबोफीचा फिन हार्प्स, तो कधी वरच्या डिव्हिजनला कधी खालच्या. त्यामुळे ठरलेला रस्ता एकच, इंग्लंड नाहीतर स्कॉटलंड, आणि तेही लहानपणीच. ब्रेडी पंधराव्या वर्षी डब्लिनहून आर्सेनलला गेला, जाइल्स त्याच्या आधी मँचेस्टर युनायटेडला तसाच पोरवयात गेला. इंग्लिश क्लबांचे स्काउट आयर्लंडभर फिरायचे, पोराला ट्रायलला न्यायचे, सोळाव्या वर्षी अकादमीत घ्यायचे, राहायची सोय कुणा अनोळखी बाईच्या घरी पेइंग गेस्टसारखी, आणि अठराव्या वर्षाच्या आसपास क्लब सांगणार की प्रो कॉन्ट्रॅक्ट देतोय की सोडतोय. बहुतेकांना सोडायचेच. शिक्षण अर्धवट, बॅग भरून घरी परत, गावात सगळ्यांना माहीत की हा इंग्लंडहून परत आला. या पोरांबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या एका कीनची गोष्ट आपण वाचतो त्याच्यामागे अशी शेकडो नावं आहेत जी कुणाला आठवत नाहीत. खुद्द कीनला लहान वयात कुणी घेतलं नव्हतं, अंगाने लहान म्हणून, तो कोव्ह रॅम्बलर्सकडून खेळला आणि १९९० मध्ये ब्रायन क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला ४७ हजार पाउंडात उचलला. डोनेगलच्याच किलीबेग्जचा शेमस कोलमनही असाच उशिरा, स्लायगो रोव्हर्समधून २००९ मध्ये ६० हजार पाउंडात एव्हर्टनला.

मॅकह्यू मात्र नेहमीच्या रस्त्याने गेला, रेडिंगच्या अकादमीत. रेडिंगच का तर तेव्हा आयरिश पोरांना तो क्लब खूप ओढ लावणारा होता. २००५ मध्ये कॉर्क सिटीतून केविन डॉयल आणि शेन लाँग तिथे आले, स्टीव्हन हंट होता, आणि २००५-०६ ला स्टीव्ह कॉपेलच्या रेडिंगने १०६ पॉइंट करून चॅम्पियनशिप, म्हणजे इंग्लंडची दुसऱ्या पातळीची लीग, जिंकली, तो रेकॉर्ड होता. आयरिश मुलाला तिथे संधी मिळते हे डोळ्यांसमोर दिसत होतं. पण मॅकह्यूच्या वाट्याला रेडिंगच्या फर्स्ट टीमची लीग मॅच आली नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात रेडिंग परत प्रीमियर लीगमध्ये चढलं आणि हा त्याच उन्हाळ्यात बाहेर, आणि गेला कुठे तर चौथ्या पातळीवरच्या ब्रॅडफर्ड सिटीत.

ब्रॅडफर्डबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. यॉर्कशरमधलं जुनं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. ११ मे १९८५ ला त्यांच्या व्हॅली परेड ग्राउंडवर मॅच चालू असताना लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ जण गेले. त्यातून उभा राहून हा क्लब १९९९ ला प्रीमियर लीगपर्यंत पोचला, दोन सीझन टिकला, आणि मग खर्च झेपला नाही म्हणून दोनदा अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. घसरत घसरत २००७ ला चौथ्या पातळीवर, लीग टूमध्ये. फिल पार्किन्सन मॅनेजर होता तेव्हा २०१२-१३ चा तो सीझन आला ज्यावर आजही विश्वास बसत नाही, कारण लीग कपमध्ये या चौथ्या डिव्हिजनच्या टीमने विगनला पेनल्टीवर काढलं, मग डिसेंबरमध्ये आर्सेनलला पेनल्टीवर काढलं, आणि सेमीफायनलला समोर अॅस्टन व्हिला.

सेमीफायनल दोन मॅचची, प्रत्येकाच्या घरी एक लेग, आणि गोलांची बेरीज. ८ जानेवारी २०१३, व्हॅली परेड, पहिला लेग. नाकी वेल्सने पहिल्या हाफमध्ये गोल केला, ७७ व्या मिनिटाला रोरी मॅकआर्डलने दुसरा, लगेच ८२ ला वायमनने व्हिलाचा एक परत केला. आता इथे सगळ्यांना वाटलं की २-१ म्हणजे व्हिला दुसऱ्या लेगला घरी उरकून टाकेल. आणि ८८ व्या मिनिटाला कॉर्नर, बॉक्समध्ये गर्दी, आणि त्या गर्दीतून १९ वर्षांच्या मॅकह्यूचं हेडर आत. ३-१. दुसरा लेग ब्रॅडफर्ड २-१ ने हरलं, म्हणजे एकूण ४-३. हिशोब करून बघा, मॅकह्यूचा तो गोल नसता तर एकूण ३-३ झाले असते आणि मॅच एक्स्ट्रा टाइमला गेली असती. सहा महिन्यांपूर्वी ज्याला अकादमीतून बाहेर पडावं लागलं होतं त्या पोराच्या डोक्याने प्रीमियर लीगच्या क्लबला वेम्बलीपासून, म्हणजे लंडनच्या ज्या स्टेडियमवर फायनल होते तिथून, अडवलं. फायनलला २४ फेब्रुवारीला स्वॉन्सीने ५-० ने धुतलं हे खरंय, गोलकीपर मॅट ड्यूकला रेड कार्डही मिळालं, पण चौथ्या पातळीवरचा क्लब वेम्बलीतल्या मोठ्या फायनलला पोचण्याची ती पहिलीच वेळ, आणि मॅकह्यू स्टार्टिंग इलेव्हनमध्ये होता. मे महिन्यात ब्रॅडफर्डने त्याच वेम्बलीत नॉर्दॅम्प्टनला ३-० हरवून प्रमोशनही घेतलं.

तेव्हा तो सेंटर बॅक, म्हणजे मधला डिफेंडर होता, डावखुरा. पुढे २०१४ ला प्लिमथ अर्गाइल, तिथली दोन वर्षं प्लेऑफमधून, म्हणजे वर चढायच्या शेवटच्या नॉकआउट मॅचमधून, प्रमोशन हातातून निसटण्याची, २०१६ ची प्लेऑफ फायनल एएफसी विम्बल्डनने २-० ने जिंकली. हळूहळू तो डिफेन्समधून पुढे सरकून मिडफिल्डचा माणूस झाला.

२०१६ ला स्कॉटलंडचं मदरवेल. डोनेगलच्या पोरासाठी हे जवळपास आजोळच म्हणायचं, कारण लॅनर्कशर भाग आयरिश स्थलांतरितांनी भरलेला. स्टीलचं गाव, तिथला रेवन्सक्रेग कारखाना १९९२ ला बंद पडला, आणि मॅकह्यू आला त्याच वर्षी क्लबची मालकी फॅन्सच्या सोसायटीकडे आली. तिथे तो काही काळ कॅप्टनही होता. २०१७-१८ ला मदरवेल लीग कप आणि स्कॉटिश कप दोन्हींच्या फायनलला पोचलं आणि दोन्ही वेळा सेल्टिककडून २-० ने हरलं. सेल्टिक म्हणजे तोच क्लब जो ग्लासगोच्या गरीब आयरिश वस्तीसाठी १८८७ ला स्लायगोच्या एका धर्मबंधूने उभा केला आणि ज्याचा डोनेगलमध्ये घरटी एक तरी सपोर्टर सापडतो.

२०१९ ला तो भारतात आला. आयरिश माणूस आयएसएलमध्ये येण्याची ही पहिली वेळ नव्हती, रॉबी कीन २०१७-१८ ला एटीकेकडून खेळला, शेवटी शेवटी कोचही तोच होता. पण रॉबी नाव कमावून उतारवयात आला होता, मॅकह्यू २६ व्या वर्षी आला, ज्या वयात प्लेयर भारतात येत नाहीत. कोच अंतोनियो हबास. एटीकेने १४ मार्च २०२० ला फातोर्ड्यात चेन्नईयिनला ३-१ हरवून आयएसएल जिंकली, कोविडमुळे स्टँड पूर्ण रिकामे. मग एटीके आणि मोहन बागान एकत्र आले, आणि पुढचे दोन सीझन अख्खी लीग गोव्यातच झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, खेळाडू हॉटेलमध्ये बायो बबलमध्ये बंद. कागदावर कोलकात्याचा प्लेयर असून दोन वर्षं त्याने लीगच्या सगळ्या मॅच गोव्याच्या गवतावर खेळल्या. त्या पहिल्या सीझनला ईस्ट बेंगॉलकडे आयर्लंडच्या कॅप्स असलेला अँथनी पिल्किंग्टनही होता, कोच रॉबी फाउलर.

मुंबईकरांना मॅकह्यू आठवेल तो २०२१ मुळे. २८ फेब्रुवारीला मुंबई सिटीने त्याच्या टीमला २-० हरवून लीग शील्ड, म्हणजे लीगमध्ये पहिला येण्याचा मान, घेतली, आणि १३ मार्चच्या फायनलला १-१ असताना ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारून कपही नेला. दोन वर्षांनी मात्र, १८ मार्च २०२३ ला, फातोर्ड्यातच बेंगळुरूविरुद्ध २-२ नंतर पेनल्टीवर ४-३ ने एटीके मोहन बागानने कप जिंकला आणि मॅकह्यू तिथेही होता.

त्याच उन्हाळ्यात तो एफसी गोवात, कोच मानोलो मार्केझ. आणि पहिल्याच सीझनला परत मुंबई आडवी आली. २४ एप्रिल २०२४, सेमीफायनल, फातोर्डा, बोरिस आणि ब्रँडनच्या गोलांनी गोवा २-० पुढे, नव्वद मिनिटं संपत आलेली, आणि तिथून छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे असे तीन गोल खाऊन गोवा २-३ ने हरलं. मुंबईतला दुसरा लेगही मुंबईने २-० ने नेला. त्या रात्रीबद्दल गोव्याच्या लोकांशी अजून बोलवत नाही. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून गोव्याने सुपर कप घेतला तेव्हा थोडं तरी भरून निघालं.

सलग इतके सीझन एक डिफेन्सिव्ह मिड भारतात टिकणं हे मला फार मोठं वाटतं. आयएसएलमध्ये फॉरेनरची संख्या मर्यादित, २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच, आणि कोणताही क्लब त्या चारात आधी गोल मारणारे घेतो. मॅकह्यूचं काम म्हणजे दोन सेंटर बॅकच्या पुढे उभं राहायचं, साइड बॅक वर गेला की त्याची जागा भरायची, हवेतला बॉल जिंकायचा, पास साधा आणि लवकर द्यायचा. हायलाइटमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

आता आयरिश पोरांचा लहानपणीच इंग्लंडला जायचा तो रस्ताच बंद झालाय. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ पासून आयर्लंडच्या पोराला अठरा वर्षांआधी ब्रिटिश क्लबमध्ये जाता येत नाही, कारण १६ ते १८ वयाची सवलत फक्त युरोपियन युनियनच्या आत चालते. म्हणून केविन झेफीसारखा पोरगा २०२१ ला शॅमरॉक रोव्हर्समधून इंग्लंडऐवजी इटलीत इंटर मिलानला गेला, आणि मेसन मेलियाचा टॉटनहॅमशी सौदा २०२५ च्या सुरुवातीला ठरूनही अठराच्या आधी जाता येत नसल्याने त्याला ते वर्ष डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्समध्येच काढावं लागलं, त्या सौद्याची रक्कम तेव्हा लीग ऑफ आयर्लंडसाठी रेकॉर्ड होती. आता पोरांना दोन वर्षं जास्त घरी ठेवायचं तर तिथल्या क्लबांकडे अकादमी हव्यात, फुल टाइम कोच हवेत, आणि त्यासाठी सरकारने पैसे द्यावेत म्हणून आयरिश असोसिएशन वर्षानुवर्षं मागे लागली होती.