काश्मिरी नीलम आणि सिलोनी नीलम: भाव एकाचा, राजवैभव दुसऱ्याचं

नीलमाची चौकशी करायला कुठल्याही मोठ्या पेढीवर जा, दोन शब्द हमखास कानावर पडतात: सिलोनी, म्हणजे श्रीलंकेचा, आणि काश्मिरी. सिलोनी सहज सांगितलं जातं, काश्मिरी जरा आवाज उतरवून. त्यामुळे ऐकणाऱ्याचा समज होतो की काश्मिरी म्हणजे राजेरजवाड्यांचा खडा आणि सिलोनी म्हणजे तुमच्या-आमच्या ऐपतीचा. यातला भावाचा भाग बऱ्यापैकी खरा आहे. राजेरजवाड्यांचा मात्र जवळजवळ उलटा आहे.

काश्मिरी नीलम जगासमोर आला तोच मुळी १८८१ च्या सुमारास. त्याआधी ज्या राजानं, राणीनं किंवा धर्मगुरूनं नीलम मिरवला, तो काश्मिरी असणं शक्यच नाही. ब्रिटनच्या इम्पीरियल स्टेट क्राउनमध्ये दोन नामांकित नीलम आहेत. वरच्या क्रुसातला सेंट एडवर्डचा नीलम अकराव्या शतकातल्या एडवर्ड राजाच्या अंगठीतला मानला जातो. दुसरा स्टुअर्ट नीलम, सुमारे १०४ कॅरटचा. तो आधी मुकुटाच्या दर्शनी भागात होता. १९०९ मध्ये तिथे कलिनन हिरा बसवला आणि या बिचाऱ्याची रवानगी पाठीमागे झाली. फेब्रुवारी १८४० मध्ये, लग्नाच्या आदल्या दिवशी, अल्बर्टनं व्हिक्टोरिया राणीला दिलेला नीलमाचा ब्रोचही काश्मीरच्या खाणीपेक्षा चाळीसेक वर्षांनी जुना.

बाकीचे मोठे मान सिलोननं मिळवले. फेब्रुवारी १९८१ मध्ये डायनाच्या बोटात दिसलेली अंगठी, मधे १२ कॅरटचा लंबगोल नीलम आणि भोवती १४ हिरे, ती सिलोनी खड्याचीच. २०१० मध्ये विल्यमनं तीच केटला दिली आणि जगभरच्या सराफांकडे तिच्या नकला पुन्हा मागितल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून जे दागिने चोरीला गेले, त्यांत फ्रान्सची राणी मारी-अमेली हिच्या संचातला मुकुट आणि हार होता. त्यातले नीलमही सिलोनचे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३ कॅरटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ तर नावानं भारताचा, पण निघालेला श्रीलंकेतच.

मग काश्मीरचा एवढा दबदबा कशामुळे? तर खाण संपल्यामुळे, आणि संपण्यापूर्वी तिनं जे दिलं त्यामुळे.

आजच्या किश्तवाड जिल्ह्यात पाडरचं खोरं आहे. त्यातल्या सुमजाम गावाच्या वर, साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. सुरुवातीला हे खडे मिठाच्या वजनावर विकले गेले, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण जम्मू-काश्मीरच्या दरबाराला सुगावा लागायला वेळ लागला नाही. महाराजा रणबीरसिंहांनी जागा ताब्यात घेऊन पहारा बसवला. त्या उंचीवर वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने बर्फ हटतं, तेवढ्यात काय खणाल ते तुमचं. १८८२ ते १८८७ ही खरी बरकतीची वर्षं. त्यानंतर जिऑलॉजिकल सर्व्हेचे ला टूश पाहणीला आले तेव्हा मूळ ठिकाणचा चांगला माल संपत आला होता. पुढे कित्येकदा खोदकाम झालं, पण ती पाच-सहा वर्षं परत आली नाहीत. आज लिलावात येणारे उत्तम काश्मिरी नीलम बहुतांशी त्याच वेळचे आहेत, जुन्या दागिन्यांतून फिरत आलेले.

श्रीलंकेची गोष्ट याच्या अगदी उलट, संथ आणि न संपणारी. तिथे नीलम डोंगरातून फोडून काढावा लागत नाही. मूळ खडक झिजून खडे ओढ्या-नद्यांच्या गाळात येऊन बसलेत. रत्नपुराच्या आसपास भातखाचरांतच चौकोनी खड्डे खणतात, लाकडांचा आधार देतात, पाणी उपसत राहतात आणि खालची रत्नगर्भ वाळू टोपल्यांत धुऊन बघतात. हा उद्योग दोन हजार वर्षांहून जुना आहे. आपल्याकडे शनीसाठी नीलम घेताना ‘काश्मिरीच हवा’ म्हणून हटून बसणारे भेटतात. गरुडपुराणात मात्र बलासुराचे डोळे सिंहलद्वीपात पडले आणि तिथे इंद्रनील झाले, असं सांगितलं आहे. शास्त्रासाठी जादा पैसे मोजणाऱ्यानं निदान शास्त्र कुठे बोट दाखवतंय ते पाहावं. खडा उशाशी ठेवून लाभतो की नाही ते बघण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

आता हातात घेऊन बघू. रसायन दोघांचं एकच: ॲल्युमिनियम ऑक्साइड, काठिण्य दहाच्या मापावर ९, आणि निळेपणा लोह व टायटॅनियमच्या अंशांमुळे. फरक पोटात आहे. काश्मिरी खड्यात अतिसूक्ष्म कण धुक्यासारखे पसरलेले असतात, इतके बारीक की साध्या भिंगातून सुटे दिसत नाहीत. आत गेलेला प्रकाश त्यांच्यामुळे विखुरतो आणि एरवी काळे पडणारे पैलूही निळे राहतात. म्हणून तो गोकर्णीच्या ताज्या पाकळीसारखा दिसतो: गडद, मऊ, किंचित पेंगुळलेला. काटेकोर बोलायचं तर हा स्वच्छतेतला दोष आहे. याच दोषाला लोक ‘मखमली’ म्हणतात आणि त्याचेच पैसे मोजतात.

सिलोनी खडा जास्त पारदर्शक, जास्त चमकदार आणि सहसा रंगानं हलका. त्याची एक गंमत स्वतः करून पाहण्यासारखी आहे. सुटा खडा चिमट्यात धरून पांढऱ्या कागदावर आडवा करा. पुष्कळदा अर्ध्याहून अधिक भाग जवळपास पाण्यासारखा दिसतो आणि सगळा निळा रंग तळाशी, टोकापाशी गोळा झालेला असतो. पैलू पाडणाऱ्यानं तो पट्टा मुद्दाम तळाला राखलेला असतो, म्हणजे वरून बघताना प्रतिबिंबानं सगळा खडा निळा भासतो. कारागिरी म्हणून हे झकासच. पण त्यासाठी खड्याचं पोट सुटलेलं ठेवावं लागतं, आणि कॅरटचा भाव त्या पोटालाही लागतो. अंगठीत बसल्यावर ते कोंदणात लपतं.

भट्टीचं प्रकरण मुख्यतः सिलोनी मालाचं. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधट, जवळपास टाकाऊ खडे ढिगानं मिळायचे. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते प्रचंड तापवले, तर आतल्या रुटाइलच्या (टायटॅनियमच्या एका खनिजाच्या) बारीक सुया विरघळल्या, त्यांतलं टायटॅनियम खड्यात मुरलं आणि दुधट खडा निळा झाला. तापवलेला नीलम खोटा नसतो, रंगही टिकतो. फक्त न तापवलेल्याच्या भावात तो विकणं ही लबाडी. काश्मिरी खड्याला बहुधा या भट्टीची गरज पडली नाही.

भावातलं अंतर बघायला दोन लिलाव पुरेत. २०१४ मध्ये जिनिव्हात ३९२.५२ कॅरटचा सिलोनी ‘ब्लू बेल ऑफ एशिया’ हारासकट सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलरना गेला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये अवघ्या २७.६८ कॅरटच्या ‘ज्युवेल ऑफ काश्मीर’ला सुमारे ६७ लाख डॉलर मिळाले. कॅरटमागे हिशेब केला तर पहिला सुमारे ४४ हजार डॉलर, दुसरा सुमारे २ लाख ४२ हजार.

एवढं अंतर असलं की घोटाळा आलाच. बाजारात ‘काश्मिरी’ हे पुष्कळदा नुसत्या रंगाचं वर्णन असतं. खडा सिलोनचा किंवा मादागास्करचा असू शकतो. मादागास्करमध्ये १९९८ साली इलाकाकाला नीलम सापडू लागले आणि तिथले काही खडे तर चांगल्या जाणकारालाही चकवतील इतके काश्मिरी दिसतात. नुसत्या डोळ्यांनी कोणी छातीठोकपणे मूळ सांगत असेल तर त्याचं ऐकावं आणि चहा पिऊन उठावं. गुबेलिन, एसएसईएफ, जीआयए यांच्यासारख्या प्रयोगशाळा आतले कण आणि अंशमात्र मूलद्रव्यं तपासून खाण सांगतात, तीही ‘आमचं मत’ म्हणून. दोन प्रयोगशाळांची मतं वेगळी पडल्याचंही घडतं. प्रमाणपत्रावर दोन ओळी शोधायच्या: मूळ देश कोणता आणि तापवल्याच्या खुणा आहेत की नाहीत. ‘काश्मीर ब्लू’सारखा शब्द रंगाच्या रकान्यात असेल आणि मूळ देशाचा रकाना कोराच असेल, तर भाव रंगाचा लावून घ्या, खाणीचा नाही.