ईस्टर आणि इश्तार: नुसता उच्चाराचा योगायोग

दरवर्षी फिरणारा एक मेसेज सांगतो: ईस्टर (येशूच्या पुनरुत्थानाचा ख्रिस्ती सण) हा मुळात मेसोपोटेमियातल्या इश्तार देवीचा सण, नावच बघा ना!

उच्चार जुळतो, त्यामुळे पटतं. पण ‘ईस्टर’ हा शब्द इंग्रजीतला. ८व्या शतकातल्या एका इंग्रज साधूने तो वसंतातल्या एका महिन्याच्या जुन्या नावाशी जोडला. तो महिना इओस्त्रे देवीच्या नावाचा, असंही लिहिलं. इश्तार कुठेच नाही. सण मात्र २ऱ्या शतकातही पाळला जात होता, तेव्हा इंग्रजी जन्मलीही नव्हती.

त्याचं ग्रीक नाव पास्खा. इटालियनमध्ये पास्क्वा, पोर्तुगीजमध्ये पाश्कोआ, गोव्याच्या कोंकणीत पास्क. (गोव्यातल्या मित्राला विचारा, लगेच सांगेल.) मूळ हिब्रू ‘पेसाह’, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण हा ज्यूंचा सण: कोकराचं रक्त दारांच्या चौकटींना लावलेली ती रात्र आणि मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून त्यांची सुटका. करिंथकरांस पहिलं पत्र, ५:७ उघडा. तिथे ख्रिस्तालाच वल्हांडणाचा यज्ञपशू म्हटलंय. बलिदान आणि पुनरुत्थान एकाच सणात का, ते या नावातच आहे.

अंडी, ससे? ती बरीच नंतरची भर.