कर्दळीच्या बेटाला मधोमध टक्कल का पडतं?

बहुवर्षायू झाडं विकताना नर्सरीवाले हमखास सांगतात, 'एकदा लावा, पुन्हा बघायला नको.' कुंपणालगत वीस फूट लांब, पाच फूट रुंद असा फुलांचा पट्टा करायला निघालेल्या माणसाला हे गोडच वाटतं. पण चार वर्षांनी तीच कर्दळ बघा. कडेला टवटवीत, मधोमध टक्कल! मग कुणी दृष्ट लागली म्हणून कुंपणाला लिंबू-मिरची बांधतं. दृष्टीचा इथे काडीचा संबंध नाही. कारण गड्ड्याच्या चालीत आहे, आणि ती चाल फार देखणी आहे.

आलं हे मूळ नसून जमिनीखालचं खोड, हे आपण शाळेत शिकलोय. कर्दळ, सोनटक्का, हळद, केळ ही सगळी आल्याचीच गणगोत. यांचा गड्डा जमिनीत आडवा सरकतो, मग टोक वर वळवून दांडा काढतो. दांड्याच्या शेंड्याला फुलोरा आला की त्या टोकाची वाढ कायमची संपली. पुढची चाल बुडाजवळच्या डोळ्यातून, म्हणजे गड्ड्यावरच्या कोंब फुटायच्या जागेतून, बहुतेक बाहेरच्या बाजूला. वनस्पतिशास्त्रात हिला सिंपोडियल वाढ म्हणतात. बेट असं सतत बाहेर चालत राहतं आणि फुलून गेलेले तुकडे मागे सोडतं.

आता हिशेब करा. समजा, दर हंगामात एका कोंबाचे दोन झाले, तर 4 हंगामांत 16 आणि 8 हंगामांत 256. बेटाची त्रिज्या मात्र दर वेळी तेवढ्याच अंतराने वाढते, म्हणून परीघही ठरावीकच वाढतो. कोंब गुणाकाराने, काठ बेरजेने! काठावर जागा मिळाली नाही ते कोंब सावलीत, दाटीत खुरटतात.

मी एक बेट खणून दोन तुकडे कापले. मधला तपकिरी, दोरेदार. कडेचा पांढरा, करकरीत. आयोडीनचा थेंब पडताच काळानिळा झाला. कर्दळीचे स्टार्चकण वनस्पतींतल्या सर्वांत मोठ्या कणांपैकी, काही 0.1 मिलिमीटरच्या आसपास. साध्या भिंगातूनही चमकतात.

म्हणून पट्टा आखताना मागे ओलसर सावलीत सोनटक्का, मध्ये उन्हात कर्दळ, पुढे पावसाळी लिली लावा. कर्दळ-सोनटक्क्यात दोन-दोन फूट अंतर सोडा. पहिल्या वर्षी भकास दिसेल, तिथे तेरडा पेरा. तिसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर बेट उकरा, मधले जून तुकडे काढून टाका, खड्ड्यात शेणखत भरा आणि कडेचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे पुन्हा लावा. लावताना डोळा रिकाम्या झालेल्या मध्याकडे वळवा. बेट आत चालू लागेल.